वर्गाबाहेरची इंग्रजी

व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय म्हटला की गड, तह आणि लढाया यांची अपेक्षा असते, आणि ती रास्तही आहे. आज आम्ही ज्या इतिहासाबद्दल बोलणार आहोत त्यात तलवारीचा खणखणाट नाही. मराठी माणूस इंग्रजी भाषा शाळेच्या वर्गाबाहेर कोठे शिकला, कशी शिकला, आणि ती आल्याने वा न आल्याने त्याच्या पदरात काय पडले, एवढाच आमचा विषय आहे. कोणी म्हणेल, हा विषय मास्तरांचा. युनियनवाल्याने यात का पडावे? त्यावर आमचे उत्तर असे की, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी 1875 मध्ये पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा जो पायंडा पाडला त्याच्या मुळाशीच हा विचार आहे की विद्या ही कॉलेजच्या फाटकाआड कोंडून ठेवण्याची वस्तू नव्हे. तेव्हा फाटकाबाहेरच्या विद्येबद्दल फाटकाबाहेर शिकलेल्या माणसाने बोलावे, यात वावगे ते काय?

आपल्या येलदरीपासूनच आरंभ करू. पूर्णेवरचे हे धरण 1968 मध्ये पुरे झाले. धरणाच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच असलेले वीजघर उभे राहिले. गावात यंत्र आले आणि यंत्राबरोबर त्याची भाषा आली. टर्बाइन, बेअरिंग, व्हॉल्व्ह, गेट, शिफ्ट, मस्टर, ओव्हरटाईम हे शब्द येथल्या कामगाराच्या तोंडी इतके रुळले आहेत की ते परके आहेत याची त्याला आठवणही राहिलेली नाही. मशीन ट्रिप झाले, लोड आला, सप्लाय गेला, असे तो दिवसाकाठी शंभर वेळा म्हणतो. आणि त्याच माणसाला विचारावे, “काय हो, इंग्रजी येते का?” तर तो कानाला हात लावून म्हणतो, “छे छे, आपला आणि इंग्रजीचा काय संबंध!” श्रोतेहो, हा संबंध काय आहे, तेच आज पाहावयाचे आहे.

मराठवाड्याची गोष्ट उर्वरित महाराष्ट्राहून थोडी निराळी आहे. पुण्याकडे 1818 नंतर इंग्रजांचे राज्य आले आणि सरकारदरबारी इंग्रजीचा शिरकाव झाला. आपण मात्र निजामाच्या राज्यात होतो. तेथे 1884 मध्ये फारसी जाऊन उर्दू ही कारभाराची भाषा झाली. 1918 मध्ये हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले. त्यात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठेवले होते आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय होता. म्हणजे परभणीच्या एखाद्या होतकरू पोराला घरात मराठी, कचेरीत उर्दू आणि पुस्तकात इंग्रजी अशा तीन दरडी चढाव्या लागत. बहुतेकांचा दम दुसऱ्याच दरडीवर संपे. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी राजवट संपली, 1956 मध्ये आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. एका माणसाच्या हयातीत कारभाराची भाषा दोन-तीनदा पालटली. ज्या बापाने खटपट करून उर्दू अर्ज लिहिण्याची विद्या मिळवली, त्याच्या मुलाला ती विद्या निरुपयोगी झालेली दिसली. अशा मुलुखात भाषेबद्दल माणसाच्या मनात धास्ती बसली तर नवल नाही. आज जी धास्ती आपण इंग्रजीची धास्ती म्हणून ओळखतो, ती वास्तविक कागदाची धास्ती आहे. कागद कोणत्या का भाषेत असेना, तो आपल्याविरुद्धच असणार, अशी ती पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे.

आता शाळेबाहेर इंग्रजी शिकण्याचे मार्ग आपल्या पूर्वजांनी कोणते शोधले ते पाहू. पहिला मार्ग बाळशास्त्री जांभेकरांनी दाखवला. 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत ‘दर्पण’ हे पत्र निघाले. मराठी पत्रसृष्टीचा आरंभ म्हणून आपण ती तारीख पाठ करतो. पण त्या पत्राची एक गोष्ट आपल्या ध्यानात राहत नाही. त्याच्या पानावर दोन रकाने असत. एका रकान्यात इंग्रजी मजकूर आणि शेजारच्या रकान्यात तोच मराठीत. ज्याला मराठी येते त्याने अगोदर मराठी वाचावे, अर्थ मनात ठसवावा, आणि मग शेजारी नजर टाकावी. गुरूचे काम शेजारचा रकाना करतो. हे पत्र 1840 पर्यंत चालले. त्यावर कितीजणांनी आपली इंग्रजी घासूनपुसून घेतली असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. परंतु युक्ती मोठी नामी होती. अर्थ आधी आणि शब्द मागाहून, हे तिचे सूत्र. आपली शाळा पुष्कळदा उलट करते. ती शब्द आधी घोकून घेते आणि अर्थाची वाट पाहायला लावते. काही वेळा वाट पाहता पाहता शाळाच सुटते.

दुसरा मार्ग पत्रांचा. आनंदीबाई जोशी या अमेरिकेस जाऊन डॉक्टर झाल्या हे सर्वांस ठाऊक आहे. जाण्यापूर्वी त्यांची इंग्रजी तयार कशी झाली? यजमान गोपाळराव यांनी घरी शिकवले, तेही कडक शिस्तीने. परंतु इंग्रजीला धार आली ती पत्रव्यवहाराने. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी एका मिशनरी मासिकात या जोडप्याची हकीकत वाचली आणि 1880 मध्ये आपण होऊन पत्र लिहिले. पंधरा वर्षांच्या मुलीने उत्तर धाडले, आणि मग कधी न पाहिलेल्या बाईंना ती मावशी मानू लागली. आपल्या चालीरीती, सण, खाणेपिणे, शंका, दुखणी हे सारे ती इंग्रजीत लिहू लागली. येथे परीक्षा नव्हती आणि गुणही नव्हते. सांगायला काहीतरी होते आणि ऐकायला कोणीतरी उत्सुक होते. पुढे 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात, आपण अमेरिकेस का जातो, यावर त्यांनी इंग्रजीत जाहीर व्याख्यान दिले. त्या वेळी त्यांना अठरावे वर्ष पुरे व्हायचे होते. एप्रिलमध्ये त्या बोटीत बसल्या आणि मार्च 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर झाल्या. त्यांचे आयुष्य पुढे वर्षभरही उरले नाही, हे दुर्दैव. पण एका मराठी मुलीने टपालाच्या तिकिटावर परभाषा आपलीशी केली, हा धडा उरला.

रमाबाई रानडे यांची कथाही त्याच काळातली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची टोमणी खात त्या इंग्रजी शिकल्या, आणि ते सारे त्यांनी 1910 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत मोकळेपणाने लिहून ठेवले. घरातून हसे होणे हा अडथळा व्याकरणापेक्षा मोठा असतो, हे त्या पुस्तकातून कळते. व्याकरणाला नियम तरी असतात; हसण्याला नाहीत.

तिसरा मार्ग चाळीतला. सुभेदार रामजी सकपाळ हे पलटणीच्या शाळेतले शिक्षक. निवृत्तीनंतर ते मुलांना घेऊन मुंबईस परळच्या चाळीत राहिले. त्यांच्या धाकट्या मुलाने, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, पुढे सांगितले आहे की वडिलांनी आपल्याकडून हॉवर्डसाहेबाची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पक्की करून घेतली. एकच खोली, तीत घरचा सारा पसारा, आजूबाजूला गिरणगावचा गलका. मुलाने लवकर निजावे आणि मध्यरात्र उलटल्यावर, सगळे शांत झाले की, वडिलांनी उठवून अभ्यासाला बसवावे, असा त्या घरचा शिरस्ता. तर्खडकरांच्या पाठमालेची रीत पाहा. मराठी वाक्य द्यावे आणि त्याचे इंग्रजी करायला लावावे, इंग्रजी द्यावे आणि त्याचे मराठी. म्हणजे पुन्हा ‘दर्पण’चे दोन रकाने. याच शिदोरीवर तो मुलगा पुढे न्यूयॉर्क व लंडन येथे विद्वान झाला, गोलमेज परिषदेत बोलला, आणि 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळून बसला. कामगार कायद्यांची इंग्रजी ज्याने घडवली त्याची स्वतःची इंग्रजी कामगारांच्या वस्तीतल्या एका खोलीत घडली होती, ही गोष्ट आम्हां युनियनवाल्यांना फार मोलाची वाटते.

चौथा मार्ग कामाचा. हा सर्वांत रुंद आणि सर्वांत कमी वाखाणलेला. पलटणीत गेलेल्या आपल्या लोकांनी पहाऱ्यावरचा इंग्रजी सवाल ‘हुकुमदार’ असा करून घेतला. रेल्वे आली तेव्हा सिग्नलचा सिंगल झाला आणि स्टेशनाचे ठेसन. परभणीच्या बाजूला मनमाड-हैदराबाद मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी आला, आणि शाळेबाहेरची इंग्रजी आपल्याकडे प्रथम रुळांवरून आली असे म्हटले तर वावगे होणार नाही. गँगमन, पॉईंट्समन, फिटर, लाईन क्लिअर. हे शब्द कोणत्या मास्तराने शिकवले? लोखंडाने शिकवले. शब्द चुकला तर गाडी चुकते, म्हणून तो पक्का झाला.

पण श्रोतेहो, या चौथ्या मार्गात एक खाच आहे आणि ती दाखवणे हाच आमच्या भाषणाचा मुख्य हेतू आहे. कामगाराजवळ इंग्रजी शब्दांचा साठा मोठा असतो, परंतु तो बहुतेक नामांचा असतो. वस्तूचे नाव त्याला येते. क्रियापद साहेबाकडे राहते. आणि कागदात दंश करणारे असते ते क्रियापद. कायद्याच्या इंग्रजीत ‘शॅल’ म्हणजे केलेच पाहिजे, आणि ‘मे’ म्हणजे करता येईल. दोन्ही शब्द चिमुकले, टर्बाइनपेक्षा कितीतरी सोपे. पण पगारवाढीच्या कलमात ‘शॅल’च्या जागी ‘मे’ पडला की हाताला आलेली वाढ हवेत विरते. टर्बाइन म्हणता येणारा माणूस त्या दोन शब्दांपाशी फसतो, कारण लोखंडाने त्याला ते कधी शिकवलेले नसतात.

एक उदाहरण आमच्या कामातले सांगतो. एका कंत्राटदाराकडची काही माणसे आमच्याकडे आली. काम सुटले होते आणि मागचे येणे बाकी होते. त्यांनी म्हणे दिवाळीच्या पैशांच्या पावतीवर सह्या केल्या होत्या. पावती पाहिली तर तीवर ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’ असे शब्द; म्हणजे सगळा हिशेब चुकता झाला, आता माझे काहीही येणे नाही. सह्या ठळक, वळणदार. त्यातल्या दोघांनी तर हौसेने इंग्रजीत सही केलेली. कागदाने त्यांचे अर्धे प्रकरण जागच्या जागी गारद केले. इंग्रजी सही येणे आणि इंग्रजी कागद वाचता येणे यांत जे अंतर आहे, त्या अंतरात त्यांचा घामाचा पैसा गेला.

हे अंतर जुने आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनसाठी तयार केला. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि कामावर जखम झाल्यास भरपाई, अशा त्या मागण्या. रविवारची सुटी 1890 मध्ये मिळाली. लोखंडे मराठीत ‘दीनबंधु’ चालवीत आणि सरकारशी सरकारच्या भाषेत झगडत. दोन रकाने येथेही आहेत. पण आता ते दोन्ही एका माणसाच्या अंगी आलेले आहेत. पुढे 1919 मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तेथे हिंदुस्थानच्या कामगारांतर्फे नारायण मल्हार जोशी गेले. ते पूर्वी शिक्षक होते. मुंबईच्या कामगार चळवळीत वकील, शिक्षक, संपादक अशी बाहेरची माणसे इतकी का आली, याची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक उघड कारण म्हणजे कागदाची भाषा. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याने निम्मे तरी पदाधिकारी प्रत्यक्ष त्या धंद्यातले असावेत असे ठरवले. म्हणजे उरलेले निम्मे बाहेरचे चालतील, हे कायद्यानेच गृहीत धरले. 2001 च्या दुरुस्तीने बाहेरच्यांची मर्यादा आणखी आवळली, एकतृतीयांश किंवा पाच, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. कायदा बाहेरच्या माणसाला दूर करू शकतो. पण त्याच्या खिशातली इंग्रजी आतल्या माणसाच्या खिशात घालू शकत नाही. ते काम आपले आपल्यालाच करावे लागते.

या बाहेरच्या थोर माणसांचे ऋण आम्ही मानतो. तथापि ज्या युनियनमध्ये पत्र वाचता येणारा एकच माणूस असतो तेथे त्या माणसाचा शब्द वेदवाक्य होतो, हेही आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तो सज्जन असेल तर युनियनचे भाग्य. नसेल तर मालकाने काय लिहिले आणि आपल्याला काय सांगितले, याचा मेळ घालणारा कोणी उरत नाही. लोकशाही म्हणजे हात वर करणे एवढेच नव्हे. ज्यावर हात वर करायचा तो मजकूर आधी समजला पाहिजे.

कायद्याने मदत केली नाही असे नाही. 1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात आणि 1948 च्या कारखाने कायद्यात, सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत फलकावर लावण्याची तरतूद होती. हाही ‘दर्पण’चाच नमुना. 1964 मध्ये मराठी राजभाषेचा कायदा झाला. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, आणि आता जुन्या कलमांचे आकडे पाठ असलेल्या आमच्यासारख्यांनाही नव्याने वाचायला बसावे लागत आहे. पण एक गोष्ट बदललेली नाही. घटनेच्या 348 व्या कलमाप्रमाणे उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. आपल्या परभणीच्या कामगाराचे प्रकरण कामगार न्यायालयातून निघून छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापुढे गेले की त्याचीच कहाणी त्याला कळेनाशी होते. तो मागच्या बाकावर बसतो, वकील आणि न्यायमूर्ती यांच्या चेहऱ्यांकडे पाहतो, आणि बाहेर आल्यावर विचारतो, “साहेब, आपले काय झाले?” आपल्या पोटाचा प्रश्न दुसऱ्याच्या चेहऱ्यावर वाचावा लागणे, याहून लाचारी ती कोणती?

कोणी म्हणेल, तर मग सगळे मराठीत करा. आम्हीही तेच म्हणतो, आणि त्यासाठी भांडतो. पण मराठीसाठी भांडणे आणि इंग्रजीचा सराव करणे यांत वैर नाही. जांभेकरांनी ‘दर्पण’ दोन भाषांत काढला, आणि 1840 मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक मराठीत काढले. बाबासाहेबांनी प्रबंध इंग्रजीत लिहिले आणि ‘मूकनायक’ 1920 मध्ये मराठीत काढला. सावित्रीबाई फुले यांनी 1854 च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा उपदेश केला, तो मराठी कवितेत. ज्याच्या घरात मराठीचा रकाना भक्कम, त्यालाच शेजारचा रकाना वाचता येतो. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

आता करावे काय? आमच्या युनियनच्या खोलीत आम्ही जे करतो ते थोडक्यात सांगतो. त्यात विद्वत्ता काही नाही. आलेला कागद आम्ही एकटे वाचीत नाही. चारपाच जण बसतात. आधी त्याचा अर्थ मराठीत सांगायचा, मग इंग्रजी मजकूर मोठ्याने वाचायचा, आणि क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ ओढायची. उत्तर ज्याचे त्याने लिहायचे, एकच वाक्य का होईना. आम्ही फक्त दुरुस्त करायचे. रेडिओवर संध्याकाळी मराठी बातम्या ऐकाव्या आणि मग त्याच दिवसाच्या इंग्रजी बातम्या लावाव्या. बातमी ठाऊक असल्याने कान आपोआप शब्द धरू लागतात. आणि शेवटचा नियम असा की चुकणाऱ्याला जो हसेल त्याने सर्वांना चहा पाजायचा. या नियमाने चहा बराच झाला, आणि हसणे बरेच कमी झाले. यातून कोणी पंडित निपजलेला नाही. पण कोऱ्या मनाने सही करणारा माणूस आता आमच्याकडे विरळा. कागद पुढे आला की तो म्हणतो, “उद्या देतो, वाचून.” या तीन शब्दांना आम्ही आमच्या चळवळीची कमाई समजतो.

इंग्रजी विद्येला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे विष्णुशास्त्री चिपळूणकरांपासूनची चाल आहे. उपमा झोकदार आहे. परंतु तिने दबकून पुष्कळ लोक गोठ्याकडेच फिरकले नाहीत. आमचे म्हणणे असे की ते दूध आता वाघिणीचे राहिलेले नाही. शेजारच्या घरी रतीब लागलेला आहे, फक्त भांडे घेऊन जायचे आहे. या सभेत निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतील व कचेरीतील मंडळी आहेत, कॉलेजात जाणाऱ्या मुली आहेत. जोतीराव फुल्यांनी 1855 मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा आपल्या घरातच काढली होती. आपल्यापाशी तेवढे बळ नसेल तर आठवड्यातून एक तास तरी असेल. आपल्या गल्लीतल्या एखाद्या हेल्परला, एखाद्या शिवणकाम करणाऱ्या बाईला, त्यांच्याच घरात आलेला इंग्रजी कागद घेऊन शेजारी बसवा. पाठ्यपुस्तक नको. विजेचे बिल, बँकेचे पत्र, औषधाच्या वेष्टनावरचा मजकूर, कंत्राटाचा करार पुरे आहे. आधी मराठी, मग इंग्रजी. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण इतरांना पुस्तकात वाचावी लागते. येलदरीच्या माणसाला ती धरणाच्या भिंतीवर उभे राहून डोळ्यांनी पाहता येते.